टोरांटो आणि मॉन्ट्रियल यांपैकी फिरायला आणि राहायला कोणतं शहर जास्त चांगलं?

मॉन्ट्रियल. झालं उत्तर. ज्यांना कारण पाहिजे त्यांनी पुढे वाचा, थोडं लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आईवडिलांना घेऊन दहा दिवस येताय, दोन्हीपैकी एकच शहर करायचंय, आणि पुढेमागे पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन तिकडेच राहायचा विचार आहे. मी मॉन्ट्रियलला सहा वर्षं काढली, २०१० ते २०१६, आणि तेव्हापासून मिसिसागाला आहे, म्हणजे भारतात सांगताना टोरांटो, ठाण्याचा माणूस गावाला गेला की मुंबई सांगतो तसं.

आधी फिरण्याचं उरकतो. एकच कशाला? मधे ५४० किलोमीटर अंतर आहे, मुंबई-गोवा समजा, ट्रेनने पाच-साडेपाच तास. तीन-चार दिवस टोरांटो आणि उरलेले मॉन्ट्रियल असं करा. टोरांटोला सीएन टॉवर (५५३ मीटर, ढग असतील तर वर जाऊ नका, पैसे पाण्यात), फेरीत बसून समोरच्या बेटांवर, आणि एक पूर्ण दिवस नायगारा. नायगारा बघितल्याशिवाय आईवडिलांना परत नेलंत तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. शाकाहारी असतील तर टोरांटोत जेवणाची चिंताच नाही, थालीपीठ सोडून सगळं मिळतं आणि थालीपीठ पण कुणीतरी घरून करून देतंच.

पण चालत फिरायचं, नुसतं बघत बसायचं शहर म्हणाल तर मॉन्ट्रियल. गावाच्या मधोमध डोंगर आहे, माँ रोयाल, २३३ मीटर, गावाचं नावच त्यावरून पडलंय, आणि लोक आपण पर्वतीवर जातो तसे सकाळी उठून त्यावर जातात. सेंट जोसेफ ऑरेटरी या मोठ्या चर्चला आईवडिलांना न्या. २८३ पायऱ्या आहेत, त्यातल्या मधल्या ९९ लाकडाच्या आणि त्या फक्त गुडघ्यावर चढणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या. माझी आई आली होती तेव्हा एक म्हातारी बाई प्रत्येक पायरीवर थांबून पुटपुटत वर जात होती, आईने चपला काढल्या आणि खालूनच हात जोडले. बेगल (कड्यासारखा गोल पाव) खा, इथले बेगल मध घातलेल्या पाण्यात उकळून मग लाकडाच्या भट्टीत भाजतात, गरम असताना बाकी काही लावायची गरज नाही. जूनअखेर येत असाल तर जॅझ फेस्टिवल सुरू होतो, बाहेरचे बरेचसे कार्यक्रम फुकट असतात. फक्त जुन्या मॉन्ट्रियलमध्ये दगडी फरसबंदी आहे, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर बूट चांगले घाला.

आता राहण्याचं. इथे माझा दुखरा भाग येतो.

आमचे साडू, म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला १९९९ पासून. आम्ही मॉन्ट्रियलला, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या केबेक प्रांतात, उतरलो त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "तिथे फ्रेंचमध्ये कशाला मरताय, इकडे या, आपली माणसं आहेत." फोनवर इतिहास पण शिकवायचे. १९७६ ला तिकडे केबेक वेगळं करा म्हणणारी पार्टी केबेक्वा निवडून आली, ७७ ला फ्रेंचच्या सक्तीचा कायदा आला, आणि कितीतरी मोठ्या कंपन्यांनी ऑफिसं उचलून टोरांटोला आणली, तोवर कॅनडातलं सगळ्यात मोठं शहर मॉन्ट्रियल होतं ते मागे पडलं. "कंपन्या पळाल्या रे, तू कशाला थांबलायस?" हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल देवाला ठाऊक.

आणि गोष्ट खरी आहे, म्हणून जास्त राग यायचा.

पण रोजचं जगणं सांगतो. आम्ही मॉन्ट्रियलच्या विलरे भागात साडेचारात राहायचो. तिकडे घर बेडरूमवर मोजत नाहीत, खोल्यांवर मोजतात, आणि अर्धा म्हणजे बाथरूम. तर साडेचार, भाडं ९२० डॉलर, मेट्रो सहा मिनिटं चालत. मेट्रो १९६६ ची, रबरी टायरवर चालते, आवाज वेगळाच येतो. शेजारी भाजीबाजार. कोपऱ्यावर डेप, म्हणजे आपलं किराणा दुकान, पण बिअर आणि वाईन पण तिथेच (ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, कोपऱ्यावरच्या दुकानात बिअर यायला २०२४ उजाडलं, यावर काय बोलणार). दुकानात गेलं की "बाँज्यू-हाय" म्हणतात, आधी फ्रेंच नमस्कार मग इंग्रजी, तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल त्यात पुढचं बोलणं. त्या "हाय"वर पण २०१७ मध्ये तिथल्या विधानसभेने ठराव केला की नुसतं बाँज्यू म्हणा. मराठी पाट्यांवरून आपल्याकडे जे चालतं ते बघितलेल्या माणसाला यात काही नवल वाटायचं कारण नाही. मला तर तिकडच्या लोकांचं पटायचं. साडू म्हणायचे हा दुराग्रह आहे. आणि हेच साडू मंडळाच्या मीटिंगमध्ये मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून गळा काढायचे.

मुलगी तिकडे फ्रेंच शाळेत. तो कायदाच आहे, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंचच. पहिले काही महिने रोज रडली, नंतर एक दिवस मी डेपमध्ये सुट्टे पैशांवरून अडखळत होतो तर ही सात वर्षांची पोर मधे पडून फडाफड बोलली आणि दुकानदार मला म्हणाला तुम्ही बाजूला व्हा, मी हिच्याशीच बोलतो. इतका अभिमान मला स्वतःच्या डिग्रीचा पण कधी वाटला नाही.

तर २०१६ ला शेवटी आम्ही हललो. तारीख १ जुलै. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॉन्ट्रियलमध्ये बहुतेकांचे भाडेकरार एकाच दिवशी संपतात, ३० जूनला, आणि १ जुलैला अख्खं गाव घर बदलतं. पूर्वी ही तारीख १ मे होती, शाळा मधेच सुटते म्हणून सत्तरच्या दशकात जुलैवर नेली. त्या दिवशी ट्रक मिळत नाही, माणूस मिळत नाही, फुटपाथवर सोफे, गाद्या, कुंड्या, आणि ज्याला जे आवडेल ते तो उचलून नेतो. साडू म्हणाले काळजी नको, मी इकडून ट्रक घेऊन येतो. आले बिचारे, रात्री निघून पहाटे हजर, त्याबद्दल मी कधी नाव ठेवणार नाही.

अडलं ते फ्रीजवर. मॉन्ट्रियलमध्ये भाड्याच्या घरात फ्रीज आणि शेगडी बऱ्याचदा नसते, आपली आपण घ्यायची. आम्ही पहिल्या वर्षी नवा कोरा घेतला होता. मी म्हटलं विकून टाकू, आज फुटपाथवर ठेवला तर दहा मिनिटांत जाईल. साडू म्हणाले वेडा आहेस का, पैसे मोजलेत, ट्रकमध्ये जागा आहे, घेऊन जाऊ.

आता तिकडचे जिने ज्यांनी पाहिलेत त्यांना कळलं असेल. जिना घराच्या बाहेर असतो, लोखंडाचा, गोल वळणाचा, आत जागा खायला नको म्हणून. रुंदी इतकी की पोटावर पिशवी धरून चढलं तर कठड्याला घासते. आम्ही वरच्या मजल्यावर. फ्रीज घेऊन आम्ही दोघं चार पायऱ्या उतरलो आणि वळणावर तो असा अडकला की वर पण जाईना आणि खाली पण. साडू खालच्या बाजूला, फ्रीज त्यांच्या छातीवर, मी वरून पट्टा धरलेला, हाताला घाम, आणि साडू मला मराठीत जे काही बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही.

खालच्या मजल्यावरचे आजोबा बाहेर आले. निवृत्त माणूस, सहा वर्षांत आमचं बोलणं नमस्कार आणि बर्फ यापलीकडे गेलं नव्हतं, इंग्रजी शून्य. त्यांनी बघितलं, आत गेले, एक जाड दोरखंड, जुनं ब्लँकेट आणि पान्हा घेऊन आले. आधी फ्रीज परत वर ढकलायला लावला. मग दारं काढली. मग फ्रीज ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाल्कनीच्या कठड्यावरून खाली सोडायचा बेत. समोरच्या घरातले दोन पोरगे स्वतःचं सामान टाकून आले, न बोलावता. आजोबा खालून ओरडतायत "दूसमाँ! दूसमाँ!" आणि साडू वरून मला विचारतायत "काय म्हणतोय हा? सोडू का? सोडू का?" माझी मुलगी खाली फुटपाथवर उभी राहून गळा फाडून ओरडली, "काका, हळू म्हणतायत ते, हळू!"

उतरला. एक पोचा पडला, तेवढंच. आजोबांनी दारं परत लावून दिली, पैसे घेतले नाहीत, पाणी प्यायले. मग मुलीला विचारलं कुठे चाललात. ती म्हणाली टोरांटो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "टोरांटो? पुर्क्वा?" म्हणजे का. एवढं फ्रेंच मला येत होतं. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे, आणि साडूंनी ट्रक सुरू केला.

मिसिसागाला रात्री पोचलो. साडूंनीच ठरवून दिलेला फ्लॅट, भाडं १६५०. दार उघडलं, दिवा लावला, किचनमध्ये फ्रीज. फ्लॅटचाच. ऑन्टारियोत भाड्याच्या घरात सहसा फ्रीज असतो, हे स्वतःच्या घरात राहून राहून साडूंच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

असो. तुमच्या प्रश्नावर येतो.

खर्चात मॉन्ट्रियल स्वस्त आहे, घरभाडं तर आहेच, पाळणाघर सरकारी अनुदानाचं मिळालं तर इतकं स्वस्त की टोरांटोवाल्यांना सांगू नये, आणि गाडीचा विमा पण कमी, कारण अपघातात माणसाला झालेल्या इजेचा भाग तिकडे सरकारी योजनेत येतो. ब्रॅम्प्टनचा विमा किती आहे ते आमच्या साडूंना विचारा, पण जेवणाआधी विचारू नका. इन्कम टॅक्स मात्र तिकडे जास्त आणि रिटर्न दोन भरायचे, एक केंद्राचं आणि एक केबेकचं. बर्फ टोरांटोच्या जवळपास पावणेदोनपट, वर्षाला दोन मीटरच्या आसपास, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे. मॉन्ट्रियल ज्या बेटावर वसलंय तिथे सिग्नल लाल असताना उजवीकडे वळायचं नाही, टोरांटोहून गाडी घेऊन गेलात तर हे विसरू नका. टोरांटोत भाड्याने घेताना इमारत कधीची ते विचारा, नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना भाडेवाढीची मर्यादा लागू नाही, मालक वाटेल तेवढं वाढवू शकतो.

पीआरबद्दल एक महत्त्वाचं, जे आधी सांगायला हवं होतं. केबेक तिकडे येणारी माणसं स्वतःच निवडतं. एक्सप्रेस एन्ट्री ही पीआरची केंद्र सरकारची पद्धत बाकी कॅनडासाठी आहे, त्यातून कागद मिळवून थेट मॉन्ट्रियलला जाऊन बसू असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. केबेकचे नियम सारखे बदलतात, अर्ज करताना त्यांच्या सरकारी साइटवर ताजं काय आहे ते बघा. आणि फ्रेंच आजपासून शिकायला घ्या, तिकडे जाऊन शिकू म्हणणारे माझ्यासारखे होतात.

आणि हे पण लिहायलाच लागेल, नाहीतर बायको वाचून खाली कमेंट टाकेल. ती फार्मसिस्ट आहे. केबेकमध्ये परवाना लागणाऱ्या व्यवसायांना फ्रेंच यावंच लागतं, तिचं काही जमलं नाही, लेक फडाफड बोलायची आणि ही सहा वर्षं घरी बसली. इकडे आल्यावर परीक्षा देऊन दोन वर्षांत कामाला लागली. तिला हा प्रश्न विचारलात तर पहिल्या ओळीत टोरांटो लिहील, आणि तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. म्हणजे दोघांपैकी एकाचंच काम इंग्रजीत भागणार असेल तर माझं वरचं पहिलं वाक्य तुम्ही सोडून द्या. दोघंही आयटीत असाल तर मात्र जा, डोळे झाकून जा, आणि ब्रॅम्प्टनला तुमचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांचा फोन दिवाळीलाच उचला.

फ्रीज साडूंच्या गॅरेजमध्ये आहे. त्यात बिअर असते, आणि गणपतीत मोदकांचं सारण. परवा गेलो होतो तेव्हा पोच्यावर हात फिरवत साडू म्हणाले, "नऊ वर्षं झाली बघ, एकदासुद्धा गॅस भरायला लागला नाही."