पूल बांधतानाच्या जुन्या, तारीख नसलेल्या फोटोंचा क्रम आणि काळ कसा ठरवायचा?

तुमच्याकडे एका वाढत्या कारखानदारी शहरातल्या पोलादी पुलाच्या बांधकामाचे तीसेक फोटो आहेत, बहुतेकांवर तारीख नाही, आणि ते कोणत्या क्रमाने व साधारण कधी काढले हे तुम्हाला ठरवायचं आहे. हे नक्की जमण्यासारखं आहे. फक्त पुलाइतकंच लक्ष त्याभोवतीच्या तात्पुरत्या सामानाकडे द्या: परांच्या, क्रेन, ओढून धरणारे दोर, पंप, तराफे. पूल नुसता वाढत जातो. तात्पुरतं सामान येतं, हलतं आणि नाहीसं होतं, म्हणून दोन फोटोंमधला फरक तेच लवकर सांगतं.

फोटो अल्बममध्ये असतील तर ते सुटे करण्याआधी पूर्ण पानांचे फोटो घ्या; मूळ मांडणी हा पुरावा आहे. मग कोपरे तपासा. पांढऱ्या अक्षरांतला नंबर निगेटिव्हवर शाईने लिहिलेला असतो, काळ्या अक्षरांतला इमल्शन, म्हणजे निगेटिव्हवरचा प्रकाशसंवेदी थर, खरवडून. दोन्ही निगेटिव्हवरच केलेल्या नोंदी, त्यामुळे प्रिंटच्या मागे नंतर कुणी लिहिलेल्या तारखेपेक्षा मी त्यांना जास्त मान देतो. दुकानाची किंवा बोटीवरची पाटी उलटी दिसत असेल तर प्रिंटच उलटी निघालेली आहे. हे वेळीच लक्षात आलं नाही तर डावा किनारा उजवा होतो आणि पुढचं सगळं चुकतं.

स्कॅन १२०० डीपीआय, १६ बिट ग्रेस्केल, टिफमध्ये करा. काचेच्या निगेटिव्हवरून त्याच मापात काढलेल्या प्रिंटमध्ये डोळ्याला दिसतं त्याहून खूप जास्त दडलेलं असतं. २८ डिसेंबर १८७९ ला स्कॉटलंडमधल्या डंडीजवळचा टे पूल कोसळला. डंडी तेव्हा ताग गिरण्यांचं वाढतं शहर होतं. चौकशीसाठी काढलेले अवशेषांचे फोटो फार नंतर अभियंत्यांनी मोठे करून पाहिले, तेव्हा बिडाच्या खांबांचे तुटलेले कान, म्हणजे ताणपट्ट्या जिथे बोल्टने जोडलेल्या असत ते भाग, स्पष्ट ओळखता आले.

आता क्रम. पायाच्या फोटोंत सगळ्यात मोठी फसगत कॅसनची होते. कॅसन म्हणजे तळ उघडा असलेली प्रचंड पेटी. आतली माती काढत ती नदीच्या तळात उतरवतात आणि ती खाली जाईल तशी वरून भिंत वाढवत नेतात. त्यामुळे दोन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या फोटोंतही पाण्यावरची उंची तेवढीच दिसते आणि काम थांबलं होतं असं वाटतं. उंची सोडा. भिंतीवर रंगवलेले आकडे, पत्र्यांचे आडवे सांधे, एअरलॉकच्या (दाबाची हवा बाहेर न जाता माणसांना आत-बाहेर करू देणाऱ्या कोठडीच्या) नळीला जोडलेले नवे तुकडे मोजा. पाण्याची पातळीही क्रमासाठी वापरू नका. भरती-ओहोटीच्या नदीत ती काही तासांत बदलते. फोटो भरतीचा की ओहोटीचा एवढंच समोरच्या धक्क्याच्या पायऱ्या मोजून कळतं.

सांगाडा चढू लागला की सांध्यांवर भिंग धरा. नव्याने लावलेल्या सांध्यात काही छिद्रं रिकामी असतात आणि काहींत तात्पुरते बोल्ट असतात: चौकोनी किंवा षटकोनी डोकी, पलीकडे आटे बाहेर आलेले. पुढच्या फोटोत त्याच जागी गोल डोक्यांचे रिव्हेट, म्हणजे तापवून ठोकलेल्या कायमच्या खिळ्या, दिसले की क्रम पक्का. नंतर रंग. पोलादावर पहिला हात बहुधा रेड लेडचा, म्हणजे आपला शेंदूरच. जुन्या काचेच्या निगेटिव्ह लाल रंगाला आंधळ्या होत्या, म्हणून हा शेंदरी थर फोटोत जवळजवळ काळा येतो. तो काळा भाग पाहून ‘डांबर लावलं’ अशी नोंद करू नका.

कमानी पूल असेल तर दोन्ही बाजूंनी अर्ध्या कमानी पुढे सरकताना दिसतील आणि मागे त्यांना धरून ठेवणारे पोलादी दोर. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा टाइन पूल (उद्घाटन १० ऑक्टोबर १९२८) आणि सिडनी हार्बर पूल (१९३२) असेच उभे राहिले. सिडनीत प्रत्येक अर्ध्या कमानीला १२८ दोर होते. मध्ये फट असेल तर फोटो जोडणीआधीचा. दोर गेले असतील तर नंतरचा. फट मिटली आहे पण दोर अजून आहेत, हा टप्पा थोडेच दिवस टिकतो. असा फोटो मिळाला तर त्याला मधला खुंटा माना आणि बाकीचे त्याच्या अलीकडे-पलीकडे लावा. सिडनीत रस्त्याचा भाग मधून किनाऱ्यांकडे बसवत नेला, कारण क्रेन कमानीवरून माघारी येत होत्या. म्हणून मध्ये रस्ता आणि टोकं मोकळी असा फोटो दिसला तर गोंधळू नका.

काळ ठरवताना फोटोतली सर्वांत नवी वस्तू शोधा; फोटो तिच्या आधीचा असू शकत नाही. एकमेकांत अडकणाऱ्या पोलादी शीट पाइल्स (जमिनीत ठोकून भिंत करायच्या पट्ट्या) विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतात, कामगारांच्या डोक्यावर कडक हेल्मेट १९३० च्या दशकापासून, रिव्हेटऐवजी उच्च ताकदीचे बोल्ट १९५० च्या दशकापासून. कागदही बघा: भिंगाखाली तंतू दिसणारा, पिवळसर तपकिरी झालेला कागद बहुधा अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला, साधारण १९०० च्या आधीचा, गडद भागांवर चंदेरी झाक आलेला जिलेटिनचा. पण कागदावरून प्रिंटचं वय कळतं, आणि जुन्या निगेटिव्हवरून नवी प्रिंट कधीही काढता येते.

पार्श्वभूमीतलं शहर शेवटी घ्या. धुराडी मोजा, कारखान्यांची नवी छपरं त्या काळच्या, एकेक इमारत दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशांशी ताडून पहा. गॅसच्या टाकीवर मात्र विसंबू नका: ती दुर्बिणीसारखी वर-खाली होते, रात्री गॅस खपला की बसते, भरली की उठते. तिची उंची वाढली म्हणून शहर वाढलं असं होत नाही.

नोंदी प्रिंटच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलने, दाब न देता. ज्या दोन फोटोंचा क्रम लागतच नाही त्यांना एकच क्रमांक देऊन अ आणि आ म्हणून ठेवा.