तक्त्याखाली मुलीची सही कशाला?

तुमचं नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून आलेलं पत्र वाचलं. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला इतिहास शिकायचाय. आणि तुम्ही नॉर्वेचे एकेकाळचे सरन्यायाधीश पॉल बर्ग यांच्याबद्दल वाचून तिचा रस्ता एका तक्त्यात आखून टाकलाय. पाच वर्षांत कायद्याची पदवी, मग न्यायाधीश, मग प्राध्यापक, २०४८ ला मंत्री. तिचे गुण उत्तम आहेत. मला काळजी वाटली ती त्या तक्त्याखाली घेतलेल्या तिच्या सहीची. एवढ्या मोठ्या पत्रात तिचं म्हणून एकच वाक्य आहे, ‘बाबा म्हणतील तसं.’ या वयाची मुलं असं म्हणतात ती बहुतेक वेळा पटलं म्हणून नव्हे, वाद घालून दमली म्हणून. तिच्या आईचं मत तर पत्रात कुठेच नाही.

आता बर्ग. १९१६ मध्ये नॉर्वेत कामगार न्यायालय नव्यानं निघालं, त्याचे ते पहिले अध्यक्ष. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, व्हेन्स्ट्रे या उदारमतवादी पक्षाच्या सरकारांत आधी समाजकल्याण आणि नंतर न्यायमंत्री झाले, कामगार कायद्यावर लिहिलं, १९२९ ला सरन्यायाधीश झाले. १९४० मध्ये जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि आपले हुकूम कायद्यात बसतात की नाही हे न्यायालयांनी तपासायचं नाही, असं फर्मान काढलं. डिसेंबरात बर्ग आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांनी पदं सोडली. त्यानंतर ते भूमिगत लढ्याच्या नेतृत्वात होते. १९४५ ला राजानं त्यांना सरकार बनवायला सांगितलं, ते जमलं नाही. ज्या राजीनाम्यासाठी नॉर्वे त्यांना आजही मानतो, त्याला तुमच्या तक्त्यात रकानाच नाही.

एक गैरसमज मात्र मोडायलाच हवा. आपल्याकडे भारतात २०२५ पर्यंत पदवीनंतर थेट परीक्षा देऊन कनिष्ठ न्यायाधीश होता यायचं, तसं नॉर्वेत नाही. पदवीनंतर काही वर्षांपुरती सहायक न्यायाधीशाची जागा मिळू शकते. कायम न्यायाधीश व्हायला मात्र वकिली, सरकारी खातं किंवा विद्यापीठ यांतला भरपूर अनुभव लागतो. जागेची जाहिरात येते, अर्ज करायचा, मंडळ शिफारस करतं. शिवाय आज सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला संसदेची निवडणूक लढवता येत नाही; तशी राज्यघटनेतच मनाई आहे. म्हणजे न्यायाधीशपद ही राजकारणाची पायरी नव्हे.

कायदाच शिकायचा असेल तर ऑस्लो, बर्गन, ट्रोम्सोची विद्यापीठं आहेत, पाच वर्षं. पण माझं स्पष्ट मत, तिला इतिहास शिकू द्या. पुढे कायद्याकडे वळावंसं वाटलं तर पुन्हा अर्ज करता येतो.

प्रवेशाचा अर्ज १५ एप्रिलपर्यंत तिच्या नावानं जातो. त्यात दहा पसंती देता येतात आणि १ जुलैपर्यंत त्यांचा क्रम बदलता येतो. तो क्रम तिचा तिला लावू द्या, पासवर्ड मागू नका. त्याआधी शाळेतल्या मार्गदर्शकांना तिला एकटीला भेटू द्या. तुम्ही दाराबाहेरही थांबू नका.