दोन दारांचा तंबू आणि शीतयुद्धाबद्दलचे आणखी काही प्रश्न

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात कसं बिनसत गेलं, त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही. कॉलेजात इतिहास शिकवत होते तेव्हा कोरियातल्या युद्धकैद्यांचा विषय पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेला असायचा आणि मी हट्टानं त्याला अख्खा तास द्यायचे. इथेही तेच करणार आहे.

प्रश्न : १९४८ मध्ये रशियानं बर्लिनची कोंडी केली तेव्हा अणुबॉम्ब फक्त अमेरिकेकडे होता. मग सैन्य घुसवून रस्ता मोकळा का केला नाही? विमानानं कोळसा नेणं हा वेडेपणा नव्हता का? (बारावीची विद्यार्थिनी)

सैन्य पाठवायची सूचना खरंच झाली होती. जर्मनीतले अमेरिकी लष्करी प्रमुख जनरल क्ले यांना सशस्त्र ताफा रस्त्यानं न्यायचा होता. वॉशिंग्टननं नकार दिला. शहराचा पश्चिम भाग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यात आणि पूर्व भाग रशियाकडे, पण बर्लिनच्या चहूबाजूंनी सोव्हिएत फौज होती आणि संख्येनं ती कितीतरी जास्त होती. शिवाय कागदोपत्री एक महत्त्वाचा फरक होता. रस्ते आणि रेल्वे यांबद्दल दोस्तांमध्ये लेखी करार नव्हता. तीन हवाई मार्गांबद्दल मात्र १९४५ सालीच झाला होता. रस्त्यावर आडवं लाकूड टाकून वाट अडवता येते. विमान अडवायचं तर पाडावं लागतं, म्हणजे पहिली गोळी रशियानं झाडायची. ती जबाबदारी स्टालिनला नको होती.

वेडेपणा म्हणशील, तर पहिले काही आठवडे खुद्द अमेरिकी अधिकाऱ्यांनाही तसंच वाटत होतं. वीस लाखांहून जास्त माणसांचं पश्चिम बर्लिन विमानांवर जगवायचं होतं. २४ जून १९४८ ला कोंडी पक्की झाली आणि १२ मे १९४९ ला उठली. विमानं सप्टेंबर १९४९ पर्यंत येत राहिली. एकूण पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या, सुमारे २३ लाख टन माल उतरला आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश नुसता कोळसा होता. तयार पावाऐवजी पीठ नेलं जाई, कारण पावातल्या पाण्याचं वजन फुकट वाहावं लागतं. बटाटे वाळवलेले नेत. मिठानं विमानाचा पत्रा गंजतो, म्हणून समुद्रावर उतरण्यासाठी बनवलेली ब्रिटिश विमानं मीठ घेऊन बर्लिनच्या हावेल नदीवर उतरत. वैमानिकाचं उतरणं एकदा चुकलं तर त्यानं पुन्हा घिरटी घालायची नाही, माल घेऊन सरळ माघारी जायचं, असा या मोहिमेचे प्रमुख जनरल टनर यांचा नियम होता. एक जण घुटमळला की मागची सगळी रांग अडते. या कामात १०१ माणसं दगावली.

एक गोष्ट मात्र तुझ्या वहीत लिहून ठेव. पूर्व भागात नाव नोंदवा आणि शिधा घ्या, असं सोव्हिएत बाजूनं पश्चिम बर्लिनकरांना सांगितलं होतं. हिवाळ्यात वीज दिवसातून काही तासच, जळणासाठी बागेतली झाडं तोडायची वेळ. तरीही फारच थोडे लोक गेले. विमानांइतकंच श्रेय मी या न जाणाऱ्यांना देते.

प्रश्न : कोरियाच्या युद्धात भारतीय जवान कैद्यांवर पहारा देत होते असं वडिलांकडून ऐकलं होतं. आपण तर त्या युद्धात नव्हतो. मग हे कसं? (निवृत्त बँक कर्मचारी)

तुमच्या वडिलांनी सांगितलं ते खरं आहे. आपण लढलो नाही, आपलं वैद्यकीय पथक मात्र १९५० पासून तिथे होतं. पहाऱ्याची गोष्ट पुढची.

२५ जून १९५० ला उत्तर कोरियानं दक्षिणेवर चाल केली. दक्षिणेच्या बाजूनं अमेरिका आणि तिच्या सोबतचे देश उतरले, पुढे उत्तरेच्या बाजूनं चीन. १९५१ च्या मध्यापर्यंत दोन्ही फौजा जवळजवळ मूळच्याच रेषेवर येऊन थांबल्या आणि बोलणी सुरू झाली. मग युद्ध १९५३ च्या जुलैपर्यंत का चाललं? मुख्य अडचण कैद्यांची होती. चीन आणि उत्तर कोरियाचं म्हणणं, आमचे सगळे कैदी परत द्या. अमेरिकेचं म्हणणं, ज्याला जायचं नाही त्याला आम्ही ढकलणार नाही. या एका कलमावर जवळजवळ दीड वर्ष गेलं आणि तेवढा काळ त्याच टेकड्यांवर माणसं मरत राहिली.

शेवटी तोडगा निघाला तो बराचसा भारतानं संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या ठरावाच्या धर्तीवर. पाच देशांचा आयोग नेमला गेला: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षपदी भारत. अध्यक्ष होते जनरल थिमय्या. परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांना ताब्यात ठेवायचं काम भारतीय तुकडीकडे आलं आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले मराठी. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी बजावलं होतं की भारतीयांनी आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव होतं हिंदनगर.

ताब्यात आलेले कैदी सुमारे साडेबावीस हजार, त्यात चिनी जास्त. ते साधे, मुकाट कैदी नव्हते. छावण्यांत आधीपासून टोळ्या होत्या. कित्येकांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या, काहींच्या तर जबरदस्तीनं. असं गोंदलेलं अंग घेऊन चीनला परत कोण जाणार? ‘स्वखुशीनं नकार’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न इथेच अवघड होतो आणि तो सोपा करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

सप्टेंबरात कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून धरून ठेवलं. बाहेर जवान सज्ज होते. गोळीबार झाला असता तर रक्ताचा सडा पडला असता. थोरात मोजकी माणसं घेऊन स्वतः आत गेले. पाहुण्याला साधा चहाही विचारत नाही का, असं त्यांनी कैद्यांनाच सुनावलं. चहा आला, सिगारेटी आल्या, वातावरण निवळलं आणि मेजर सुटले.

मग तंबू. प्रत्येक कैद्याला एकेकट्याला तंबूत आणायचं. समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी, बाजूला आयोगाची माणसं आणि दुभाषे, मागे भारतीय पहारेकरी. प्रतिनिधींनी त्याला समजवायचं: घरी चल, शिक्षा होणार नाही. तंबूला बाहेर जायची दारं दोन. एका दारानं गेलास तर मायदेशी, दुसऱ्यानं गेलास तर परत नाही. काही कैदी आत येताच शिव्या देत, थुंकत, खुर्ची उचलून फेकत. जवानांना त्यांना धरून बसवावं लागे. काही गप्प बसून सगळं ऐकत आणि उठून चालू लागत.

नव्वद दिवसांची मुदत होती, पण भांडणांतच बरेच दिवस वाया गेले आणि जेमतेम तीन हजार कैदी त्या तंबूपर्यंत पोचले. मायदेशी परतले ते काही शेच. चौदा हजारांहून जास्त चिनी तैवानला, म्हणजे कम्युनिस्टविरोधी चिनी सरकारकडे गेले. उलट दिशेचेही होते: २३ अमेरिकी आणि एक ब्रिटिश सैनिक परत जायला तयार नव्हते. दोघा अमेरिकनांनी विचार बदलला, २१ चीनला गेले आणि पुढच्या काळात त्यांतले बहुतेक माघारी आले. ८८ जणांनी दोन्ही दारं नाकारून तटस्थ देश मागितला. ते आधी भारतात आले आणि त्यांतले बरेच नंतर ब्राझील, अर्जेंटिना इथे स्थायिक झाले.

दोन्ही महासत्ता त्या काळात ‘जनते’च्या नावानं बोलत होत्या. एकेका माणसाला समोर बसवून ‘तुला काय हवं?’ असं विचारण्याचा प्रसंग मात्र या साऱ्या झगड्यात फार क्वचित आला. इथे तो आला, अपुरा आणि दहशतीच्या सावटाखाली का होईना. तो पार पाडायला आपले जवान उभे होते याचा मला मनापासून अभिमान आहे.

प्रश्न : नात विचारते, यात चांगलं कोण आणि वाईट कोण? काय सांगू? (एक आजोबा)

तिला सांगा, एखाद्या छोट्या देशानं आपल्याला न आवडणारी वाट धरली तेव्हा मोठा देश कसा वागला, ते बघ. हंगेरीनं १९५६ मध्ये वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडायचं जाहीर केलं आणि तीन दिवसांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. पंतप्रधान इम्रे नॉज यांना दोन वर्षांनी फाशी झाली. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्येही सोव्हिएत रणगाडे शिरले. दुसऱ्या बाजूला ग्वाटेमाला. निवडून आलेले अध्यक्ष आर्बेन्झ यांनी पडीक जमीन भूमिहीनांना द्यायला घेतली. त्यात एका बड्या अमेरिकी फळकंपनीची जमीन होती. १९५४ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संघटनेच्या मदतीनं त्यांना घालवलं, आणि त्या देशाला पुढे तीन दशकांहून लांब यादवी भोगावी लागली. व्हिएतनाममध्ये १९५६ ला ठरलेली निवडणूक झालीच नाही, कारण ती कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह जिंकतील अशी भीती होती.

दोघं सारखेच, असं मात्र मी म्हणणार नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरू शकले. प्रागमध्ये रणगाडे शिरल्यावर २५ ऑगस्ट १९६८ ला मॉस्कोच्या लाल चौकात फक्त आठ जण फलक घेऊन बसले. त्यांतल्या नताल्या गोर्बानेव्हस्काया यांच्याबरोबर बाबागाडीत तान्हं बाळ होतं. काही मिनिटांत सगळ्यांना उचललं. पुढे कुणाला छळछावणी, कुणाला हद्दपारी, कुणाला मनोरुग्णालय. हा फरक मोठा आहे. पण ग्वाटेमालाच्या शेतमजुराला या फरकाचा काही उपयोग झाला नाही, हेही नातीला सांगा.

प्रश्न : जगातले सगळे कम्युनिस्ट मॉस्कोच्या इशाऱ्यावर चालत होते का?

नाही. युगोस्लाव्हियाचे कम्युनिस्ट नेते टिटो यांचं स्टालिनशी १९४८ मध्येच फाटलं. १९६९ च्या मार्चमध्ये उसुरी नदीवर चिनी आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. १९७९ मध्ये चीननं व्हिएतनामवर हल्ला केला. वॉशिंग्टनला हे उशिरा उमगलं आणि त्या उशिराची किंमत व्हिएतनामी शेतकऱ्यांनी मोजली.

प्रश्न : क्युबाच्या पेचानंतर व्हाइट हाउसमध्ये लाल टेलिफोन बसवला होता ना?

टेलिफोन नव्हता, थेट मॉस्कोशी जोडलेला टेलिप्रिंटर होता, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेनं पाठवणारं यंत्र. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी असताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं एक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोचून उलगडायला जवळजवळ बारा तास लागले होते. सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन तारा पाठवायचे त्या साध्या तारकंपनीच्या, सायकलवरून येणाऱ्या पोऱ्याच्या हाती. २८ तारखेला क्षेपणास्त्रं काढून घ्यायचा निर्णय कळवताना मॉस्कोनं वेळ वाचवण्यासाठी तो रेडिओवरूनच वाचून दाखवला. क्युबाचे नेते फिडेल कास्ट्रोंनाही तो बातम्यांतूनच कळला. त्यांच्या देशातल्या क्षेपणास्त्रांबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं गुप्त आश्वासन देताना तुर्कांनाही विचारलं नव्हतं.

ही थेट जोडणी ३० ऑगस्ट १९६३ ला सुरू झाली. मजकूर लिखितच ठेवला, कारण बोलण्यात शब्द घाईनं निसटतो आणि दुभाष्याची चूक महागात पडते. अमेरिकेनं इंग्रजीत लिहायचं, मॉस्कोनं रशियनमध्ये, भाषांतर ज्याचं त्यानं करायचं. तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशी फिरून मॉस्कोला जाई. प्रत्यक्ष पेचप्रसंगात ती पहिल्यांदा वापरली गेली ती जून १९६७ मध्ये, अरब-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा. आणि तेव्हा पहिला संदेश मॉस्कोकडून आला.