तीन मजली बंगल्यात मेश वायफायचे दोन नोड पुरतील की तीन?

असं विचारलंय तुम्ही, आणि बंगला नाशिकचाच म्हणताय म्हणून लिहितोय. मेश म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, त्यातला एकेक डबा म्हणजे नोड. ते मोजत बसू नका. खालच्या नोडपासून वरच्यापर्यंत वायर नेता येते का, ते आधी बघा.

इंदिरानगरला आमचं घर बांधताना मी दादाला म्हटलं होतं, नेटसाठी प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप सोडू. "वायफायला वायर कशाला?" म्हणाला. स्लॅब पडला, विषय संपला.

पुढे लेकीची ऑनलाइन परीक्षा आली. तिची खोली वर. तीन नोडचा सेट आणला. लॅपटॉपवर वायफाय फुल, पण पेपर सबमिट करताना नुसतं चक्र फिरत राहिलं. पोरगी रडत खाली आली आणि राउटरपाशी, देवघराच्या पायरीवर बसून तिने उरलेला पेपर दिला. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वायफाय फुल म्हणजे लॅपटॉप ते जवळचा नोड, एवढंच. तो नोड पुढे दोन स्लॅब भेदून खाली कसा पोचतोय, ते त्यात कळत नाही. ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायचा वेगवान पट्टा, सळई-काँक्रीटमध्येच गळपटतं, आणि नोडमधल्या एकाच रेडिओवर लॅपटॉपशी आणि खालच्या नोडशी असं दोन्हीकडचं घेणं-देणं असलं की वेग निम्म्यावर येतो.

शेवटी पावसाळी पाइपाच्या कडेने कॅट ६, म्हणजे नेटची वायर, वर चढवली. तरी प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वेग ९५ वर अडकलेला. जॅक उजेडात धरला तर आठपैकी चारच तारा बसवलेल्या! निळी आणि तपकिरी जोडी वायरमनने मुळातून छाटलेली. चार तारांवर १०० एमबीपीएसच चालतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. क्रिम्पिंग टूल, म्हणजे वायरीवर जॅक दाबून बसवायची पक्कड, आणून दोन्ही टोकं मी स्वतः केली. त्या दिवसापासून वरच्या खोलीतून एकदाही तक्रार नाही.

तेव्हा बांधकाम चालू असेल तर पाइप सोडाच, घरातलं कितीही मोठं माणूस नको म्हणालं तरी. खर्च नगण्य आहे. वायर असेल तर मजल्याला एक नोड भरपूर. वायर अजिबातच शक्य नसेल तर ट्राय-बँड, म्हणजे तीन रेडिओंचा मेश घ्या, आणि नोड रेंज नसलेल्या खोलीत न ठेवता अलीकडे, जिन्याच्या वळणावर ठेवा. नेटवाल्याचा डबाही राउटर आणि मेशही राउटर असं ठेवू नका, मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल आणि राउटरचं काम डबाच करेल. लाइट गेली की प्रत्येक नोडला इन्व्हर्टरचा पॉइंट हवा, हेही बघून ठेवा.

टू बीएचके फ्लॅटवाल्यांनी मात्र यातलं काही करू नये, घराच्या मधोमध एक चांगला राउटर पुरतो.

आणि वायर बाहेरून नेणार असाल तर काळ्या आवरणाची आउटडोअर घ्या. आमची साधी होती, दोन उन्हाळ्यांत तडकली. दिवाळीत बदलली.