रोज ९० किमी, त्यातले १० कच्चे: कोणती ड्युअल-स्पोर्ट घ्यावी आणि तिच्यात काय बदलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर नसरापूर-वेल्हे रस्त्यापासून ५ किमी आत आणि तो तुकडा कच्चा, नोकरी कात्रजला, जाऊन-येऊन रोज ९० किमी. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२ किलो, ऑन-रोड बजेट अडीच लाख. ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी मोटरसायकल, घ्यावी का, कोणती, आणि तिच्यात काय काय बदलावं?

घ्या. पण निवडताना सीसी बाजूला ठेवा आणि तीन आकडे बघा: सीटची उंची, वजन आणि सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक किती मिलिमीटर वरखाली होतं ते. पावसाळ्यात चढावर गाडी थांबली, एक पाय घसरला, तर तिथे बीएचपी कामाला येत नाही. गाडी सावरता येते की नाही, हे हे तीन आकडे ठरवतात.

आधी स्वतःचं माप घ्या. बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे माप साधारण ७५ ते ७८ सेंमी येईल. ८३० मिमीची सीट यापेक्षा उंच दिसते, पण तुम्ही बसल्यावर गाडी ४० ते ६० मिमी खाली दबते. दोन्ही पायांचे चवडे टेकले, किंवा थोडं सरकून एक पाय पूर्ण टेकला, तरी पुरतं. शोरूममध्ये स्टँडवर बसून हे कळत नाही. स्टँड काढून, बूट घालून आणि पाठीवर रोजची बॅग घेऊन बघा.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हीरोची एक्सपल्स २१०. लिक्विड-कूल्ड इंजिन, ६ गिअर, पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं, सीट ८३० मिमी, वजन १७० किलोच्या आसपास. जुनी एक्सपल्स २०० ४व्ही १० किलोहून जास्त हलकी आहे, दुरुस्तीलाही सोपी. पण तिला ५ गिअर आणि १९ बीएचपीच्या आसपास ताकद, त्यामुळे खेड शिवापूरच्या बाजूला ट्रकच्या ओळीत ८० च्या वर ती सतत ताणलेली राहते. रोज ५० किमी हायवे असलेल्या माणसाला सहावा गिअर हवा.

सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स हायवेला यांच्यापेक्षा सुखाची आहे: २४९ सीसी, अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. तुमचा कच्चा तुकडा एखादा किलोमीटर असता तर मी तीच घ्या म्हटलं असतं. पण तिचं सस्पेन्शन रस्त्याच्या गाडीसारखं छोटं आहे आणि पुढचं चाक १९ इंची. रोज १० किमी दगडांत अलॉयची कड वाकण्याची धास्ती राहते. स्पोकचं चाक वाकलं तर गावातला मेकॅनिकही बरंच सरळ करतो. कावासाकी केएलएक्स २३० वजनाला १४० किलोच्या आत, चिखलात स्वर्ग. पण सीट ८८० मिमी आणि टाकी साडेसात लिटरच्या आसपास. लिटरला ३० किमी धरले तरी दर दोन दिवसांनी पंप. हिमालयन ४५० बजेटच्या बाहेर आहे आणि १९६ किलोची. ६२ किलोच्या माणसाने ती एकट्याने चिखलातून रोज उचलायची गरज नाही.

आता बदल. पहिल्या महिन्यात एकही ॲक्सेसरी घेऊ नका, गाडी आपल्या मापाची करून घ्या. यात पैसे जवळपास जात नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

सुरुवात मागच्या शॉकअपपासून. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी उभी करा आणि मागच्या ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, हेल्मेट-बॅगेसकट बसा, एकाला हँडल धरायला सांगा, दुसऱ्याला तेच माप घ्यायला लावा. दोन मापांतला फरक हा तुमचा सॅग. तो एकूण प्रवासाच्या ३० ते ३३ टक्के हवा. २०० मिमी प्रवास असेल तर ६० ते ६५ मिमी. ८० आला तर प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब) घट्ट करा, ४० आला तर सैल. तुमच्या वजनाला बहुधा सैलच करावा लागेल आणि त्यातच गाडी दीड-दोन सेंमी खाली येईल. लोक याच दोन सेंमीसाठी लोअरिंग लिंक, म्हणजे गाडीची मागची बाजू खाली आणणारा जोड, लावतात. तशी लिंक लावली की जमिनीपासूनचं अंतर घटतं, साइड स्टँड लांब पडून गाडी उभीच राहते आणि वाऱ्याने आडवी होते, शिवाय फक्त मागची बाजू खाली गेल्याने पुढचं चाक वळणावर हलकं लागतं. त्यापेक्षा सीटवाल्याकडून फोम २० मिमी उतरवा आणि सीटच्या पुढच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला तासून घ्या. पाय सरळ खाली जातात, म्हणून कडा अरुंद करण्याचा फायदा फोम कमी करण्याइतकाच असतो. फोम ३० मिमीहून जास्त कापू नका. ९० किमीनंतर बूड बेसप्लेटवर, म्हणजे सीटच्या कडक तळावर, टेकतं.

साइड स्टँडच्या पंजाला मोठी पत्री लावून घ्या. ओल्या मातीत मूळ पंजा रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते. पंजाखाली जाड पत्री लावली तर तेवढीच जाडी गाडीला उभं करते, म्हणून ३-४ मिमीच्या पुढे जाऊ नका.

हँडलवर एक फुकटचा बदल आहे. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प सैल करा, हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि क्लॅम्प इतपतच आवळा की हाताने जोर लावल्यावर लिव्हर फिरेल. गाडी पडली की लिव्हर फिरून वाचते. घट्ट आवळलेली तुटते. जोडीला हँडगार्ड घ्या, पण आतून ॲल्युमिनियमची पट्टी असलेले आणि हँडलला दोन्ही टोकांना बसणारे. नुसते प्लॅस्टिकचे गार्ड वारा आणि काटे अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. बसवल्यावर हँडल डावी-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून ब्रेकची नळी आणि ॲक्सिलरेटरची केबल कुठे ताणत तर नाही ना, बघा. इंजिन चालू ठेवून हँडल फिरवताना आरपीएम वाढला तर केबल ओढली जाते आहे.

क्रॅश गार्ड घेताना तो कशावर लटकतो ते बघा. इंजिनाच्या एकाच बोल्टवर टांगलेला गार्ड पडल्यावर तो बोल्ट वाकवतो, आणि मग एक हजाराचा गार्ड वाचून इंजिनाच्या केसिंगचा खर्च पुढे येतो. फ्रेमला तीन-चार जागी धरलेला घ्या. इंजिनाखाली ३ ते ४ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट पुरते, ऑइल काढायच्या नटासमोर भोक हवंच. प्लेट आणि इंजिनाच्या मधला चिखल दर आठवड्याला पाण्याने काढा. वाळलेला चिखल उष्णता अडवतो, ओला राहिला तर नट गंजवतो.

टायरवर जास्त वेळ घालवतो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे चुकतात. मोठ्या गट्ट्यांचे टायर दिसायला देखणे, पण तुमचा ८० किमी डांबर-सिमेंट आहे. ओल्या सिमेंटवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर गट्ट्यांचा जमिनीला टेकणारा भाग कमी पडतो, ब्रेक लांब जातो आणि मधले गट्टे काही हजार किलोमीटरमध्ये संपतात. कंपनीचे टायर झिजेपर्यंत वापरा. पुढच्या वेळी मागे थोडा खोल नक्षीचा घ्या, पुढे मात्र रस्त्याच्या टायरसारखाच ठेवा. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला तर वेळच मिळत नाही. माप बदलू नका. जाड टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासतो, आणि घेर बदलला की एबीएसचं गणितही बिघडतं.

हवा रस्त्यासाठी स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच. पाच किमीसाठी रोज हवा कमी-जास्त करणं कुणी करत नाही, पण जुलैत चिखल गंभीर झाला तर पुढे २० पीएसआयपर्यंत उतरायला हरकत नाही, हायवेला लागण्याआधी परत भरायची. ट्यूब असलेल्या चाकात १८ च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर घसरतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. यासाठीच व्हॉल्व्हचा छोटा नट रिमला आवळू नका, तो वर टोपीला टेकवून ठेवा. टायर सरकला की व्हॉल्व्ह तिरका दिसेल आणि फाटायच्या आधी कळेल.

२१ इंची ट्यूब रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सहसा मिळत नाही. एक सोबत ठेवा. मागची ट्यूब अशी फाटली की पॅच बसत नाही, तर हीच ट्यूब १८ इंची टायरात घालून हळू घरी येता येतं. तीन टायर लिव्हर, दोन्ही ॲक्सलच्या मापाचे पाने, पॅच, सोल्युशन, छोटा पंप एवढं सीटखाली किंवा रॅकवर कायम. टेप लावून स्पोकचं रिम ट्यूबलेस करून देणारे भेटतील. ट्यूबच्या रिममध्ये टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो. हवा कमी झाली की वळणावर कड सुटते. रोजच्या गाडीवर हे करू नका.

लाइट. वेल्ह्याच्या रस्त्यावर धुक्यात पिवळ्या एलईडीचा उपयोग होतो. २० वॉटच्या दोन म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टला साधारण साडेतीन ॲम्पिअर. ५ ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, मध्ये रिले (दिव्यांचा जास्त प्रवाह पेलणारा विजेवर चालणारा स्विच), आणि रिलेला चालना इग्निशननंतरच्या वायरमधून, म्हणजे चावी काढली की दिवे बंद. हेडलाइटच्या वायरवर थेट जोड दिलात तर आधी कनेक्टर वितळतो आणि वॉरंटीही वादात जाते. दिव्यांचा झोत खाली ठेवा, समोरून गाडी आली की बंद.

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने लहान करायचा सल्ला मिळेल. १३ चा १२ केला की त्याच वेगाला आरपीएम साधारण ८ टक्के वाढतो. निव्वळ डोंगरात फिरणाऱ्याला ते गोड लागतं, तुमच्या हायवेला नाही. सायलेन्सर आणि फिल्टर बदलू नका: आवाज वाढतो, इंधन-हवेचं मिश्रण पातळ होतं, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला की पीयूसी अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाला धक्का देणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. रॅक, गार्ड, दिवे लावलेत की विमा कंपनीला लेखी कळवा, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद नको.

चेनकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष. लांब सस्पेन्शनच्या गाडीत चेन स्टँडवर सैल दिसते आणि तशीच हवी. मागचं ॲक्सल, स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्यावर वरखाली फिरतो तो सांधा) आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणते. सवयीने ती १५ मिमी ढिलाई ठेवून आवळणारे मेकॅनिक बरेच. खड्ड्यात ती वीणेच्या तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील खाते. मॅन्युअलमधला आकडा मेकॅनिकला दाखवा, आणि चाक फिरवून चेनच्या सर्वांत घट्ट जागी मोजा. पावसाळ्यात दर २५०-३०० किमीला, म्हणजे तुमच्या हिशोबाने दर तीन दिवसांनी, संध्याकाळी गरम चेनवर ९० नंबरचं गिअर ऑइल. सकाळी लावलं तर निम्मं पॅंटवर येतं. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने चेनमधल्या रबरी ओ-रिंग जातात.

पहिल्या ५०० किमीनंतर आणि मग दर सर्व्हिसला स्पोक पान्याने एकेक वाजवून बघा. ताणलेला टणकन वाजतो, सैल झालेला ठप्प. सैल असेल तो पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही, नाहीतर चाक लचकतं. पुढच्या फोर्कच्या सीलखाली चिखल वाळला की ऑइल गळू लागतं. एक्स-रे फिल्मची पट्टी सीलच्या आत हलकेच फिरवून माती बाहेर काढली तर अर्ध्या वेळा गळती तिथेच थांबते.