सोन्याचा तुकडा नव्हे, होन!

जुळे सोलापुरातून प्रश्न आलाय. काही मित्र मिळून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मराठीतून खेळतात. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून साहसकथा रचत जायची, असा हा खेळ. त्यातल्या ‘गोल्ड पीस’ला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, आणि ‘लाइफस्टाइल एक्स्पेन्सेस’ला, म्हणजे पात्राच्या रोजच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाला, मराठीत काय म्हणावं? सध्या ते ‘सोन्याचा तुकडा’ आणि ‘जीवनशैली खर्च’ म्हणतात.

कृपा करून म्हणू नका. तुकडा भाकरीचा असतो, नाहीतर जमिनीचा. टाकसाळीत पाडलेल्या, छाप उठवलेल्या गोष्टीला तुकडा म्हणत नाहीत, नाणं म्हणतात. काहीजण ‘सुवर्णमुद्रा’ सुचवतील. पौराणिक मालिकेत शोभतो तो शब्द. सरायवाल्याशी जेवणाच्या पैशांवरून हुज्जत घालताना कोण ‘सुवर्णमुद्रा’ म्हणणार?

होन म्हणा. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली हे शाळेत सगळेच शिकतात. पण होन हा शब्द कुठून आला हे सोलापूरकरानेही विचारू नये, याचं मला नवल वाटतं. अहो, तो आपल्या शेजारचाच आहे! कन्नडमध्ये सोन्याला ‘होन्नु’ म्हणतात. त्याआधीच्या हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, हाच शब्द ‘पोन्’ असा होता, आणि तमिळमध्ये तो आजही ‘पोन्’च आहे. कावेरीला तमिळ लोक ‘पोन्नी’ म्हणतात ते यावरूनच. मधल्या काळात कन्नडने शब्दारंभीच्या ‘प’चा सरसकट ‘ह’ केला. पुरावा हवा असेल तर कोश उघडू नका, सोलापूरच्या पूर्व भागात एक चक्कर मारा. तेलुगू बोलणाऱ्या घरात दूध म्हणजे ‘पालु’, अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘हालु’. तिकडे वाघ ‘पुलि’, इकडे ‘हुलि’. एवढं भाषाशास्त्र रिक्षाच्या भाड्यात दुसऱ्या कुठल्या शहरात मिळतं?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी मात्र होन थेट संस्कृत ‘हिरण्य’पासून काढतात. हिरण्य, हिरण, होन. मधला ‘र’ कुठे गेला आणि ‘इ’चा ‘ओ’ कोणत्या नियमाने झाला, ते विचारलं की गुरुजी रागावतात. खरी अडचण त्याहून मोठी आहे. शब्द मुळात ‘ह’चा असता तर तमिळमध्ये आणि हळेगन्नडात ‘प’ आला कुठून? प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत आजोबा शोधून द्यायचाच, हा हट्ट आता पुरे. शेजाऱ्याकडून शब्द घेतला म्हणून भाषा बाटत नाही.

आता माझा एक तर्क. तर्कच म्हणतो, शिक्कामोर्तब नाही. दक्षिण सोलापुरात होनमुर्गी नावाचं गाव आहे. लोक त्यावर कोंबडीचे विनोद करतात. मला त्यात तोच होन्नु दिसतो, जो किनाऱ्यावरच्या होन्नावरमध्ये आणि दावणगेरेकडच्या होन्नाळीत दिसतो. होनमाने हे आडनावही त्याच घरचं असावं. पण म्हणून सोलापूरच्या जुन्या ‘सोन्नलगी’ नावातही सोनं आहे, असं कुणी लिहून पाठवू नये. कन्नड सोनं ‘ह’पासून सुरू होतं, हेच तर वरती सांगत होतो.

खेळातलं नाणं होनापेक्षा जड आहे, हे मान्य. तिथे पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे नाण्याला सुमारे 9 ग्रॅम. शिवरायांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पण खेळात ड्रॅगन चालतो, तर जाडजूड होनही चालेल. शंभर तांब्याची नाणी म्हणजे एक सोन्याचं, तर तांब्याला शिवराई म्हणा. चांदीला ‘रुपया’ म्हणाल तर शब्दार्थाने चोखच, कारण रूप्य म्हणजे चांदी. पण ऐकणाऱ्याला चहाचं बिल आठवेल. बघा बुवा.

हो, दुसरा शब्द राहिलाच. ‘जीवनशैली’ फ्लॅटच्या जाहिरातवाल्यांना देऊन टाका. आपल्याकडे ‘राहणी’ आहे, म्हणून ‘राहणीखर्च’. त्याच्या पायऱ्यांनाही बोलीतले शब्द तयार आहेत. खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकात गरीब राहणीला दिवसाला चांदीची दोन नाणी लागतात, आणि बिनकसबी मजुराची रोजची मजुरीही नेमकी तेवढीच आहे. आलं तेवढं गेलं. या पायरीला ‘हातावर पोट’ म्हणा. एका होनाची ती ‘साधी राहणी’, दोन होनांची ‘खाऊनपिऊन सुखी’. चार होनवाल्याला ‘गब्बर’ म्हणा. सगळ्यात वरचा ‘सरदारी थाट’, त्याला रोजचे किमान दहा होन मोजावे लागतात. तुमच्यातल्या ज्याने पहिल्याच लुटीनंतर तो थाट मांडला असेल, त्याला आठवडाभराचे सत्तर होन आधी वहीत मांडायला सांगा.