पॉवर मोड्यूलच्या पॅकेजिंगवरच्या आमच्या पेटंट अर्जाला 'दोन जुनी पेटंटं जोडली की हे उघडच आहे' असा परीक्षकाचा आक्षेप आला आहे. क्लेममध्ये (हक्काची हद्द ठरवणाऱ्या वाक्यांत) मापांचे आकडे घालून मोकळं व्हावं की वाद घालावा? उत्तराला मुदत किती मिळते?

वाद घाला. आकडे घालून मोकळं व्हा असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांना फाइल बंद करायची घाई आहे. हातात आलेल्या पेटंटाचा पुढे काय उपयोग, याचा विचार त्यात नाही.

तुमच्या वर्णनावरून चित्र असं दिसतं: सिलिकॉन कार्बाइडची चिप, वर ॲल्युमिनियमच्या तारांऐवजी तांब्याची क्लिप, आणि चिपच्या खाली-वर सोल्डरऐवजी चांदीचं सिंटरिंग, म्हणजे चांदीची भुकटी न वितळवता उष्णतेने घट्ट जोडणं. परीक्षकाने एका पेटंटातून क्लिप उचलली, दुसऱ्यातून चिप आणि सिंटरिंग उचललं, आणि या दोन गोष्टी एकत्र आणणं कुठल्याही जाणकाराला सुचलं असतं असं लिहिलं. हे वाचल्यावर गप्प बसवेना. जवळजवळ असंच पत्र आमच्या अर्जावर आलं होतं, आणि त्या अर्जावरून माझं आमच्या विभागप्रमुखांशी जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

पॅकेजिंगमध्ये तुकडे जुनेच असतात, हे आधी मान्य करून टाका. सिरॅमिकवर तांबं थेट जोडायची पद्धत १९७० च्या दशकातली. चांदीची पेस्ट अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास दाबाखाली सिंटर करून चिप बसवायची, यावरचं सीमेन्समधलं काम १९८० च्या दशकाच्या अखेरीचं. तांब्याची क्लिप, दोन्ही बाजूंनी थंड करणं, सिलिकोन जेल, एपॉक्सी मोल्ड, यातलं काहीही तुम्ही शोधलेलं नाही आणि मीही नाही. परीक्षकाला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे सापडणारच. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. भांडण जिंकता येतं ते एकाच जागी: मोड्यूल कुठून आणि कशामुळे निकामी होतं हे तुम्ही ओळखलं, आणि ते कारण त्या दोन्ही कागदांना माहीत नव्हतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पॉवर सायकलिंगमध्ये, म्हणजे प्रवाह चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तापवण्या-थंड करण्याच्या चाचणीत, आमचं मोड्यूल अपेक्षेपेक्षा फार लवकर जात होतं. अशा वेळी सगळे आधी चिपखालच्या थराकडे बोट दाखवतात. वाहनांच्या मोड्यूलसाठी एक्यूजी ३२४ या चाचणी-नियमावलीत निकष दोन आहेत: ऑन-स्टेट व्होल्टेज (चालू असताना चिपवर पडणारं व्होल्टेज) ५ टक्के वाढलं की नमुना गेला, किंवा थर्मल रेझिस्टन्स (उष्णता बाहेर जायला होणारा अडथळा) २० टक्के वाढला की गेला. आमच्या नमुन्यांत व्होल्टेज आधी चढत होतं आणि थर्मल रेझिस्टन्स जवळपास होता तिथेच होता. म्हणजे खालचा थर शाबूत, वरचा सांधा जातोय. अल्ट्रासाउंडच्या चित्रात क्लिप मधे येत असल्याने धड काही कळेना. मग मोड्यूल कापलं, घासलं, पॉलिश केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. भेग दर वेळी चिपच्या कोपऱ्याशी, क्लिपच्या कडेखाली सुरू होऊन आत सरकत होती.

त्याचं कारण तुम्हाला ठाऊक असेल, पण ते अर्जात किती नेमकं लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून लिहिते. तापमान एका अंशाने वाढलं की तांबं दहा लाखात साधारण १७ भाग पसरतं, सिलिकॉन कार्बाइड जेमतेम ४. पाच मिलिमीटरच्या चिपवर १०० अंशांच्या चढ-उताराला ही तफावत साडेसहा मायक्रॉनची होते. सिलिकॉनच्या चिपवर ती थोडी जास्तच असते, पण सिलिकॉन स्वतः थोडं नमतं घेतं. सिलिकॉन कार्बाइडचा ताठरपणा त्याच्या दुपटीहून अधिक. चिप नमत नाही, सिंटर केलेली चांदी सोल्डरसारखी सैल पडत नाही, आणि मग सगळा ताण कोपऱ्यातल्या सांध्यावर येऊन बसतो. सिलिकॉनवर चालणारी क्लिप सिलिकॉन कार्बाइडवर तशीच चालेल, ही 'साधी अदलाबदल' आहे, असं परीक्षक लिहितात तेव्हा त्यांना हे आकड्यांनिशी दाखवावं लागतं.

आम्ही क्लिपच्या कडेला, नेमक्या कोपऱ्यांपाशी, खाचा पाडल्या, म्हणजे तिथलं तांबं वेगळं वाकायला मोकळं झालं. खाचा मधोमध पाडूनही पाहिल्या होत्या. त्यांनी फारसा फरक पडला नाही. कडेच्या खाचांनी आयुष्य वाढलंच, शिवाय निकामी होण्याची जागा बदलली. आता चिपखालचा थर आधी जायला लागला. वरचा सांधा खरोखर सुधारला याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

अर्जाच्या मसुद्यात मी तिन्ही क्लिपची तुलना घातली: अखंड, मधे खाचा असलेली, कडेला खाचा असलेली. सोबत काटछेदाची चित्रं. विभागप्रमुखांनी ती पानं बाजूला काढली. "ही आपल्या प्रयोगशाळेची वही आहे. स्पर्धकांना फुकट का वाटायची? आकृतीत क्लिप दाखवा, विश्वासार्हता वाढते असं लिहा. वेळ आली तर डेटा नंतर देता येतो." मी म्हणाले, "सर, नंतर दिलेला डेटा आधी लिहिलेल्या गोष्टीला आधार देतो. ती गोष्टच लिहिली नसेल तर आधार कशाला द्यायचा?" यावर बराच वेळ गेला. आमचे ॲटर्नी दोघांचंही ऐकून घेत राहिले, कोणाचीच बाजू त्यांनी घेतली नाही, आणि त्याचा मला आजही राग आहे. अशा वेळी ठाम बोलणं हेच त्यांचं काम. शेवटी ती पानं अर्जात राहिली, कारण अर्ज दाखल करायची तारीख अंगावर आली होती आणि नवा मसुदा करायला कोणाला सवड नव्हती.

मग परीक्षकाचं पत्र आलं. पहिलं पेटंट सोल्डरने सिलिकॉन चिपवर बसवलेल्या क्लिपचं. त्या क्लिपला मधोमध खाचा होत्या, फ्लक्सचा (सोल्डरसोबत लावायच्या रसायनाचा) वायू बाहेर पडावा म्हणून, आणि कडा मात्र अखंड ठेवा, नाहीतर वितळलेलं सोल्डर बाहेर येईल, अशी स्पष्ट ताकीद होती. दुसरं पेटंट सिंटर केलेल्या सिलिकॉन कार्बाइड चिपचं, वर नेहमीच्या तारा. ॲटर्नींनी उत्तरात ती ताकीद पुढे केली: जुनं पेटंटच कडेला खाचा पाडू नका म्हणतंय. परीक्षकाने परत लिहिलं की ताकीद वितळणाऱ्या सोल्डरसाठी आहे. चांदी ९६१ अंशांना वितळते, सिंटरिंग त्याच्या कितीतरी खाली होतं, बाहेर वाहून येण्यासारखं तिथे काही नाही. तेव्हा जाणकाराला ही ताकीद लागू नाही हे कळेल आणि कडेला खाचा पाडायला त्याला काही आडकाठी उरणार नाही.

हा मुद्दा चांगला होता. परीक्षकांना पॅकेजिंग कळत नाही असं आमच्या क्षेत्रात सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. या माणसाला सिंटरिंग नीट कळत होतं.

तेव्हा आमच्याकडेही तेच ठरत आलं होतं जे तुम्ही विचारताय. खाचेच्या रुंदीचे आकडे घाला आणि पेटंट पदरात पाडून घ्या. मी विरोध केला. एक तर स्पर्धक रुंदी थोडी बदलून बाहेर पडेल. दुसरं म्हणजे आकड्यांनी आक्षेप जातच नाही. ज्ञात मापाची चांगली किंमत शोधणं हा रोजचा प्रयोग आहे, त्याला पेटंट नाही, ही भूमिका अमेरिकेत १९५५ च्या 'इन रे ॲलर' निकालापासून पक्की आहे. त्या मर्यादेतच काहीतरी अनपेक्षित घडतं हे दाखवावं लागतं. आमचे प्रयोग रुंदीवर नव्हतेच, जागेवर होते. तुम्ही जे माप घालणार आहात त्यावर तुमचे प्रयोग आहेत का? नसतील तर तो आकडा तुम्हाला परीक्षकापासून वाचवणार नाही आणि स्पर्धकापासूनही नाही.

मी जो मुद्दा लिहून दिला तो असा: आडकाठी नसणं म्हणजे कारण असणं नव्हे. युरोपात तर प्रश्न याच शब्दांत विचारतात, जाणकार हे करू शकला असता का यापेक्षा त्याने ते केलं असतं का. ज्याला वायू बाहेर काढायचाय तो खाचा मधे पाडेल, कारण वायू मधे अडकतो. कोपऱ्याकडे वळायला भेग कोपऱ्यात सुरू होते हे माहीत हवं, आणि ते दोन्ही पेटंटांत कुठेच नव्हतं. एकात सिलिकॉन आणि सोल्डर, दुसऱ्यात क्लिपच नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पहिल्या पेटंटाची क्लिप दुसऱ्या पेटंटाच्या चिपवर बसवली तर काय होतं, हे आम्ही करून पाहिलं होतं. मधे खाचा असलेला आमचा दुसरा नमुना म्हणजे परीक्षकाने कागदावर केलेली तीच जोडणी होती. ती अर्जात पहिल्या दिवसापासून होती, चित्रासकट, भेग जिथल्या तिथे.

परीक्षकाशी फोनवर बोलणं झालं. त्याने आकृती उघडली आणि एकच प्रश्न विचारला: दोन्ही क्लिपमध्ये खाचांचं एकूण क्षेत्रफळ सारखं होतं का? कमी तांबं म्हणजे कमी ताण, एवढंच तर घडलं नाही ना, हे त्याला पाहायचं होतं. क्षेत्रफळ सारखं होतं आणि तसं अर्जात लिहिलेलं होतं. मूळ क्लेम तसाच मंजूर झाला.

विभागप्रमुख म्हणाले, नशीब. नशिबाचा यात संबंध नव्हता. त्यांची गुप्ततेची भीती मला तेव्हाही पटली नव्हती, आताही पटत नाही. क्लिपच्या खाचा कोणीही मोड्यूल विकत घेऊन कापला की दिसतात. लपवायचंच असेल तर कापून दिसत नाही ते लपवा: पेस्ट, दाब, तापमानाचा आलेख. तुमच्या वरिष्ठांनीही तुलनेची पानं काढायला लावली असतील, तर पुढच्या अर्जाच्या वेळी हे त्यांना ऐकवा.

आता तुमचं. आधी तुमचा अर्ज उघडा आणि निकामी होण्याचं कारण त्यात लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर परीक्षकाच्या दोन कागदांची जोडणी खरोखर बनवा, तुमच्या नमुन्याशेजारी सायकलिंगला लावा, आणि बाकी सगळं सारखं ठेवा. सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटमध्ये (स्विचचं काम करणाऱ्या चिपमध्ये) तिच्यातच असलेल्या बॉडी डायोडच्या व्होल्टेजवरून तापमान मोजत असाल तर मोजताना गेटला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या टोकाला, पुरेसं ऋण व्होल्टेज द्या, नाहीतर चॅनल (प्रवाहाची मुख्य वाट) पुरता बंद होत नाही आणि तापमानाचे आकडेच खोटे येतात.

मुदत: अमेरिकेत साधारण ३ महिने, शुल्क भरून ६ पर्यंत. युरोपात बहुधा ४, विनंतीवर आणखी २. भारतात पहिल्या परीक्षण अहवालापासून ६, आणि ३ वाढवून मिळू शकतात. सायकलिंगला वेळ लागतो, तेव्हा नमुने आजच लावा.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. नंतर दिलेला डेटा चालतच नाही असं नाही, एवढं विभागप्रमुखांचं खरं होतं. अमेरिकेत तो शपथपत्रावर देता येतो. युरोपात पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाच्या मार्च २०२३ च्या जी २/२१ निर्णयानंतर तो निव्वळ उशिरा आला म्हणून डावलता येत नाही, पण तो परिणाम मूळ अर्जाच्या शिकवणीतून जाणकाराला काढता यायला हवा. 'विश्वासार्हता वाढते' एवढ्या एका वाक्यावर तो टेकवणं फार अवघड आहे. सिंटरिंगच तुमच्या क्लेमचा भाग असेल तर त्याचा तपशील लपवता येणार नाही. अमेरिकेत आणि भारतात तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत सांगणं कायद्यात आहे. आणि एकाच जुन्या कागदात तुमचा पूर्ण क्लेम सापडला असेल तर तो नावीन्याचा आक्षेप झाला. तिथे माझं वरचं सगळं लागू नाही, क्लेम बदलावाच लागेल.

बदलायची वेळ आलीच, तर आकृतीवर पट्टी ठेवून माप काढू नका. पेटंटातल्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतातच असं नाही, आणि युरोपात मूळ अर्जात नसलेली गोष्ट क्लेममध्ये घुसली तर मंजूर झालेलं पेटंटही त्यावरून रद्द होऊ शकतं. त्यापेक्षा जागा सांगणारे शब्द अर्जात आहेत का ते शोधा: कडेला, कोपऱ्यापाशी, सांध्याच्या हद्दीवर.